खुडूक कोंबडी अंड्यांवर कशी बसवावी, आणि त्यासाठी कुठली कोंबडी पाळावी

परसात आठ-दहा कोंबड्या पाळायच्या म्हटलं की पहिला सल्ला मिळतो, "गिरिराज घ्या, भरपूर अंडी देते." यातली अंड्यांची गोष्ट खरी आहे, पण पुढची कुणी सांगत नाही. बंगळुरूला तयार झालेली गिरिराज काय किंवा हैदराबादची वनराज आणि ग्रामप्रिया काय, या कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत, म्हणजे अंडी उबवायला बसत नाहीत. दोन-अडीच वर्षांत त्यांची अंडी कमी होतात आणि पिल्लांसाठी पुन्हा पैसे मोजावे लागतात. शिवाय गिरिराज आणि वनराज या संकरातून तयार केलेल्या आहेत. त्यांची अंडी दुसऱ्या कोंबडीखाली उबवली तर पिल्लं निघतात, पण ती आईसारखी होत नाहीत.

म्हणून माझं ठाम मत आहे: अंड्यांसाठी हवी ती कोंबडी पाळा, पण त्यांच्यासोबत दोन तरी गावठी कोंबड्या हव्यातच. गावठी वर्षाला ६०-७० अंडी देते, तीही लहान. पण ती पिल्लं काढते, त्यांना चरायला शिकवते आणि घारीची सावली दिसली की एका हाकेत सगळ्यांना पंखाखाली घेते. ऱ्होड आयलंड रेड ही शुद्ध जात आहे, तिची पैदास घरी करता येते, पण बसायला ती भरवशाची नाही. झाबुआच्या कडकनाथला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याला भावही चांगला येतो, पण कडकनाथची मादी अंड्यांवर नीट बसत नाही. कडकनाथ हवा असेल तर त्याची अंडी गावठीखाली ठेवा. आमच्याकडे संगमेश्वर तालुक्यात मी वर्षानुवर्षं हेच करते.

खुराडं जमिनीपासून वर, बारीक जाळीचं, संध्याकाळी मोजून बंद करायचं. खाद्य, पाणी, शिंपल्यांचा चुरा हे धरूनच चालते. आठ-दहा माद्यांना एक कोंबडा पुरतो. गावठी माद्यांत गिरिराजचा कोंबडा सोडू नका, त्याच्या वजनाने माद्यांच्या पाठी सोलून निघतात.

अंडी जमवणं

बसवायची अंडी सात दिवसांपेक्षा जुनी नकोत. मार्चनंतर उकाडा वाढला की चार दिवसांपेक्षाही नकोत, कारण घरातल्या उष्णतेनेच अंड्यातला जीव थोडा वाढायला लागतो आणि मग अर्ध्यावर मरतो. अंडी धुवायची नाहीत, सालीवरचा नैसर्गिक थर निघून जातो. निमुळतं टोक खाली करून मडक्यात नाचणीत खोचून ठेवावीत. फ्रिजमधली अंडी उबवायला घेऊ नका. आणि दुकानात 'गावठी' म्हणून मिळणारी तपकिरी अंडी बहुतेक वेळा पिंजऱ्यातल्या, कोंबडाच न पाहिलेल्या माद्यांची असतात. त्यांच्यावर कोंबडी तीन महिने बसली तरी काही निघायचं नाही.

बसवणं: इथेच सगळे चुकतात

मीही चुकले, दोन वर्षं. म्हणून हे सविस्तर लिहिते.

आधी कोंबडी खरंच खुडूक आहे का ते बघा. अंडं घालायला उशिरापर्यंत बसलेली कोंबडी म्हणजे खुडूक नव्हे. खुडूक कोंबडी अंग फुलवून, चपटी होऊन बसते, हात नेला की घशातून कर्र आवाज काढते आणि चोच मारते, पण उठत नाही. पोटाखाली हात घालून बघा. तिथली पिसं गळालेली असतात आणि कातडी तापल्यासारखी गरम लागते. सलग दोन रात्री ती खुराड्यात दांडीवर न जाता अंड्यांच्या जागीच राहिली तर खुडूक समजावी.

मग तिला इतर कोंबड्यांपासून वेगळं करायचं, आणि ते रात्रीच करायचं. पहिल्या वर्षी मी भरदुपारी कोंबडी उचलून नव्या पाटीत ठेवली. तासाभरात ती जुन्या जागी रिकाम्या भुशावर जाऊन बसली आणि इकडे अकरा अंडी गार पडली. काळोखात कोंबडीला दिसत नाही, हललेली जागा ती सकाळपर्यंत आपली मानते. तरी पहिले दोन दिवस तिच्याखाली दोन-तीन टाकाऊ अंडीच ठेवा. ती टिकून बसली की तिसऱ्या रात्री ती काढून खरी अंडी सरकवा.

पाटी बांबूची, पसरट, अंधाऱ्या कोपऱ्यात. तळाशी दोन ओंजळी जरा ओलसर माती, मधे खळगा करून त्यावर पेंढा आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला. मातीने अंडी मधे गोळा राहतात आणि कोरड्या हवेत सालीला ओल मिळते. बसवण्याआधी कोंबडीच्या पंखांखाली आणि शेपटीखाली पिसवा बघा, सापडल्या तर चुलीची राख चोळा. पिसवा झालेली कोंबडी दहाव्या-बाराव्या दिवशी पाटी सोडून निघून जाते आणि दोष तिला दिला जातो. ढगांच्या गडगडाटाने अंडी बिघडू नयेत म्हणून आमच्याकडे कोळसा आणि लोखंडाचा खिळा पाटीत ठेवतात. ठेवायचा तर ठेवा, पण पिसवा आधी बघा.

अंडी किती? दहा ते बारा. "अठरा ठेवा, काही तरी निघतीलच," असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. गावठी कोंबडीच्या अंगाखाली बारा मावतात. ती अंडी दिवसभर चोचीने फिरवते, त्यामुळे जास्तीची अंडी आळीपाळीने कडेला येतात आणि एक-दोन नव्हे, बरीचशी गारठून मरतात.

आणि सगळ्यांत महत्त्वाचं: सगळी अंडी एकाच रात्री ठेवायची, प्रत्येकावर पेन्सिलीने फुली मारायची. दुसऱ्या वर्षी माझी कोंबडी नीट बसली होती, पण मी तिला वेगळं केलं नव्हतं. बाकीच्या माद्या रोज तिच्याच पाटीत अंडी घालत राहिल्या आणि मला वाटलं, बरंच झालं. एकविसाव्या दिवशी पाच पिल्लं निघाली. बाविसाव्या दिवशी ती त्या पाचांना घेऊन अंगणात उतरली. पाटीत आठ अंडी राहिली. मी एक कानाशी धरलं तर आतून चिवचिव ऐकू येत होती. कोंबडी परत बसली नाही. मी ती अंडी फडक्यात गुंडाळून चुलीजवळ ठेवली, रात्रभर जागले, एकही वाचलं नाही. तेव्हापासून फुली नसलेलं अंडं दिसलं की मी त्याच दिवशी काढून घेते.

पुढचे एकवीस दिवस

रोज एकदा तिला उठू द्या. पंधरा-वीस मिनिटांत ती खाते, पाणी पिते, घाण करते, धुळीत लोळते आणि परत जाते. ज्वारी किंवा मका द्यावा. स्वतःहून उठत नसेल तर उचला, पण आधी दोन्ही पंखांखाली बोटं फिरवा. तिथे बहुधा एखादं अंडं अडकलेलं असतं, ते पडून फुटतं आणि बाकीची चिकट होतात.

सातव्या-आठव्या रात्री मोबाईलचा टॉर्च मुठीत धरून त्यावर अंड्याचं जाड टोक टेकवा. आत कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा आणि मधे काळा ठिपका दिसला तर जीव आहे. नुसता स्वच्छ पिवळा उजेड दिसला तर अंडं फळलेलं नाही. लालसर कडं दिसलं तर मेलेलं आहे. ही दोन्ही काढून टाका, नाहीतर उन्हाळ्यात एखादं सडून फुटतं आणि सगळी पाटी नासते.

अठराव्या दिवसानंतर हात लावायचा नाही. टॉर्च नाही, पाणी शिंपडणं नाही, मुलांना दाखवणं नाही.

आणि फोडू नका. सालीला भोक पडल्यापासून पिल्लू बाहेर यायला बारा तास लागतात, कधी पूर्ण दिवस. या वेळात ते स्वस्थ असतं असं आपल्याला वाटतं, पण उरलेला बलक ते पोटात ओढून घेत असतं आणि सालीच्या आतल्या शिरांतलं रक्त अंगात घेत असतं. मी एकदा दया येऊन साल सोलली. पापुद्र्यातून रक्त आलं, बेंबीशी बलक लोंबत होता, आणि अर्ध्या तासात पिल्लू माझ्या तळहातावर गेलं.

निघाल्यावर

पहिला दिवस पिल्लांना खायला लागत नाही, पोटातला बलक पुरतो. मग बारीक कण्या आणि जोडीला पिल्लांचं तयार खाद्य. नुसत्या कण्यांवर वाढ खुंटते. पाणी उथळ बशीत, मधे खडे घालून, नाहीतर पिल्लं बुडतात. पहिले दोन आठवडे आईसकट डालग्याखाली ठेवा. घार, कावळा आणि मुंगूस, सगळे दिवसाच येतात.

सातव्या दिवशी मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लासोटा लस, एक थेंब डोळ्यात. आठव्या आठवड्यात त्याच रोगाची आर-टू-बी टोचून घ्यायची. "गावठीला रोग होत नाही" हे मी ऐकून घेत नाही. मानमोडी आली की आठवड्यात खुराडं रिकामं होतं, मग कोंबडी गावठी असो की गिरिराज. लसीची बाटली बहुधा शंभर किंवा जास्त मात्रांची असते आणि घोळली की दोन तासांत संपवावी लागते, म्हणून वाडीतल्या चार-पाच घरांनी एकच दिवस ठरवावा. लस बर्फ घातलेल्या थर्मासमधूनच आणावी, खिशातून आणलेली लस फुकट जाते.

सहा-आठ आठवड्यांनी आई पिल्लांना टोचून हाकलायला लागते. तिला आता पुन्हा अंडी घालायची असतात. ती पिल्लं वेगळ्या खुराड्यात घाला, त्यांतल्या तलंगा, म्हणजे वाढत्या माद्या, ओळखून ठेवा आणि नीट बसलेल्या आईची तलंग कधीही विकू नका.