तीन कॉर्ड्सवर रोजच्या सुखाचं मराठी कंट्री गाणं कसं बसवायचं

कंट्री गाणं, म्हणजे अमेरिकेतलं गावाकडचं गाणं, म्हटलं की घोडा, टोपी, मोठाले ट्रक हवेतच असं काही नाहीये, ते टेक्सासवाल्यांचं रोजचं आयुष्य आहे म्हणून त्यांच्या गाण्यात येतं, आपण ठाण्यात राहतो तर आपल्या गाण्यात लोकल, खाडी आणि तलावपाळीच यायला पाहिजे.

गिटारवर कॉर्ड्स (एकत्र वाजवायचे सूर) तीनच घ्या, जी, सी आणि डी. घरी पेटी वाजवणारं कोणी असेल तर त्यांना सांगा की जी म्हणजे सा, सी म्हणजे म आणि डी म्हणजे प, लगेच कळेल. डीवरून जीवर परत आलं की घरी पोचल्यासारखं वाटतं, म्हणून ओळीचा शेवटचा शब्द तिथेच टाकायचा. पट्टी आवाजाला खाली पडत असेल तर कॅपो (गिटारच्या दांडीवर बसवायचा चिमटा) लावा, बोटं तीच राहतात.

उजव्या हाताला आधी एक जाड तार, मग खाली स्ट्रोक, परत दुसरी जाड तार, परत स्ट्रोक, बास. जीला सहावी (सगळ्यात जाड ती सहावी) आणि चौथी, सीला पाचवी आणि चौथी, डीला चौथी आणि पाचवी. हे गप्पा मारता मारता वाजवता आलं पाहिजे, तोपर्यंत गायला सुरुवात करू नका.

आता शब्द, आणि खरी मेहनत इथेच आहे. सुख, आनंद, समाधान हे शब्द सरळ खोडून टाका आणि जे दिसतं, ज्याचा वास येतो तेच लिहा. उदाहरणार्थ

खिडकीशी जागा मिळाली, कळवा मागे गेला
खाडीवरचा गार वारा डब्यामध्ये आला

आणि धृवपद अगदी फोनवर बोलतो तसं

आई, आलं घालून चहा ठेव, मी ठाण्याला उतरलो
कोथिंबिरीची जुडी घेऊन पुलाखाली आलो

गाऊन बघा, 'ठाण्याला'तला ठा ठेक्यावर पडतो म्हणून ओळ बसते. मराठीत दीर्घ अक्षर ठेक्यावर आलं की शब्द स्वच्छ ऐकू येतो, ऱ्हस्व अक्षर ताणलं की कानाला टोचतं. जात्यावरच्या ओव्या मोठ्याने म्हणून बघा, दळता दळता बायकांनी माहेर, भाऊ, पाऊस सगळं साध्या शब्दांत बांधलंय, मला तर कंट्रीची सगळ्यात जवळची नातेवाईक ओवीच वाटते.

कंट्रीवाल्यांची एक युक्ती मला फार आवडते, धृवपद तेच (किंवा जवळपास तेच) ठेवायचं पण प्रत्येक कडव्यानंतर त्याचा अर्थ बदलायचा. पहिल्या कडव्यात ऑफिसातून परतणारा मुलगा, दुसऱ्यात लहानपणी आईचा हात धरून तलावपाळीच्या मासुंदा तलावाला मारलेली फेरी, आणि तिसऱ्यात आई बाहेर गेलीये, गॅसपाशी मुलगा उभा आहे, 'आलं घालून चहा ठेवलाय, आई, तू उतरलीस का?' एवढाच बदल करा, रडवायला वेगळे शब्द लागत नाहीत.

इंट्रो चार मात्रांच्या दोन आवर्तनांहून लांब नको. गाणं तीन मिनिटांत संपवा, मग मोबाईलवर रेकॉर्ड करून घरातल्या कोणालाही कागद न देता ऐकवा, आणि जो शब्द त्यांना परत विचारावा लागेल तो बदला.