जुजबंदीचा वर्ग: सोळा मुलं, आठ शनिवार, सोळा वह्या

आधी तारखा ठरवा, सामानाचं नंतर बघू. बडोद्यात जुजबंदीचा, म्हणजे कागदांच्या घड्या शिवून वही बांधायचा वर्ग पावसाळ्यात घेऊ नये. दमट हवेत चिकटवायची मैद्याची खळ आंबते, पुठ्ठा ओल धरतो आणि दाबाखाली ठेवलेली वही दोन दिवसांनीही हाताला गार लागते. नवरात्रात मुलं गरब्याहून मध्यरात्री परततात, सकाळी सुई धरून पेंगतात. तेव्हा दिवाळीची सुट्टी संपली की सुरू करा आणि १४ जानेवारीच्या आत आटपा. उत्तरायणानंतर निम्म्या मुलांच्या बोटांना मांज्याच्या चिरा पडलेल्या असतात आणि शिवणीचा दोरा नेमका तिथेच घासतो. शनिवारचा दीड तास, असे आठ वर्ग पुरतात.

सातवी ते नववीची सोळा मुलं घ्या, शिकवायला दोघं हवेत. एकट्यानं सोळा जणांची शिवण बघणं होत नाही, करून बघू नका. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा ‘दप्तराविना’ दिवस सुचवलेले आहेत, शाळेकडून वेळ मागताना त्याचा उपयोग होतो. मात्र त्या दहा दिवसांत दहा कला कोंबायचा मोह टाळा. एकच वस्तू, पण ती पुरी झालेली आणि मुलाच्या हातात, हे आधी ठरलेलं असू द्या. पुढची सगळी मापं त्यावरून निघतात.

वही ए-फाइव्ह आकाराची, सहा जुजांची. चार ए-फोर कागद एकात एक घालून दुमडले की एक जुज, म्हणजे सोळा पृष्ठं. एका वहीला २४ कागद, सोळा वह्यांना ३८४. आता खरी मेख. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक ए-फोर कागदाचे तंतू लांबीच्या दिशेनं असतात. तो मधोमध दुमडला की घडी तंतूंना आडवी येते: कड फुगते, वही नीट उघडत नाही, आणि खळ लागली की कण्यापाशी, म्हणजे वहीच्या शिवलेल्या पाठीपाशी, लाटा उठतात. मुलांना वाटतं आपलंच चुकलं, चूक खरेदीची असते. म्हणून ऐंशी जीएसएमचा ए-थ्री कागद घ्या आणि दुकानातल्याच मशीनवर लांब बाजूच्या मध्यावर कापून आणा. २५० कागदांचे ५०० होतात, उरलेले सरावाला. विकत घेण्याआधी एक कागद न मोडता दोन्ही बाजूंनी वाकवून बघा. ज्या बाजूनं सहज वाकेल, त्या वाकेला समांतर तंतू. खात्री नसेल तर फाडा: तंतूंच्या दिशेनं सरळ फाटतो, आडवा वेडावाकडा. पहिल्या शनिवारी मुलांना हेच करू द्या, कागद फाडायला कोणी नाही म्हणत नाही.

घडी बसवायला हाडाची पट्टी नसली तर स्टीलच्या चमच्याची पाठ चालते. नखानं मात्र नको, कागदावर चकाकी येते.

शिवणीसाठी गोधडीची सुई आणि पक्का सुती दोरा. दाभण आणू नका; भोकं मोठी पडतात आणि कण्याला लावलेला फेविकॉल त्यातून आत झिरपून पानं चिकटतात. दोरा मेणाच्या तुकड्यावरून दोनदा ओढून घ्या, म्हणजे गुंता कमी होतो. सहा जुजांना साधारण १८० सेंटिमीटर दोरा लागतो, पण तो एकदम देऊ नका. ९० सेंटिमीटरचे दोन तुकडे द्या आणि जोडगाठ जुजाच्या आतल्या बाजूला मारायला शिकवा. कण्यावर आडव्या बसणाऱ्या दोन फितींसाठी परकराची चपटी सुती नाडी उत्तम, दर वहीला दहा-दहा सेंटिमीटरचे दोन तुकडे. भोकं सहा: फितींच्या दोन्ही बाजूंना एकेक अशी चार, आणि वरच्या-खालच्या टोकापासून बारा-बारा मिलिमीटरवर एकेक. जाड कागदाचा एकच नमुना करून सगळ्या जुजांना त्यावरूनच टोच्यानं भोकं पाडा. अंदाजानं पाडली की वहीचा कणा जिन्यासारखा होतो.

तिसरा आणि चौथा शनिवार शिवणीलाच राखून ठेवा. दोरा वर ओढला की घडी फाटते, तो कण्याच्या रेषेतच ओढायचा. सुई नाडीत घुसू द्यायची नाही, बाहेरून वळसा घ्यायचा. टोकाला आलं की खालच्या दोन जुजांमधून सुई फिरवून गाठ घ्यायची. ही गाठ मुलं हमखास विसरतात, आणि वही वरून उमलायला लागते. प्रत्येक जुज शिवून झालं की मध्यावर उघडून बघा, दोरा बरोबर मधल्या पानावर दिसला पाहिजे. डावखुऱ्या मुलाला उलट्या टोकाकडून सुरू करू द्या.

खळ आदल्या संध्याकाळी करा. एक वाटी मैद्याला पाच वाट्या पाणी. मैदा आधी थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मग मंद आचेवर ढवळत राहा. पांढरेपणा जाऊन काचेसारखी झाली की उतरवा, गार झाल्यावर कापडातून गाळा. दोन दिवस टिकते. जुने बांधणारे किडीसाठी तीत मोरचूद घालत. ते विष आहे, मुलांच्या वर्गात अजिबात नको. कण्याला नुसता फेविकॉल, पुठ्ठ्यावरच्या कापडाला दोन्ही निम्मे-निम्मे, अस्तराला, म्हणजे पुठ्ठ्याच्या आतून चिकटणाऱ्या कागदाला, मुख्यतः खळ, कारण ती सावकाश वाळते आणि सरकवायला वेळ मिळतो.

दोन मिलिमीटरचे ग्रे बोर्ड (राखाडी पुठ्ठे) दुकानातूनच कापून आणा, १४६ बाय २१६ मिलिमीटरचे बत्तीस, तंतू उभ्या बाजूला. मुलांच्या हाती कटर देऊ नका. कण्याच्या पट्टीची रुंदी आधी कापून ठेवू नका. शिवलेली, दाबलेली वही दोन पुठ्ठ्यांमध्ये धरून कागदाच्या पट्टीनं मोजा, कारण दोऱ्याची जाडी प्रत्येकाच्या हातावर असते. पट्टी आणि पुठ्ठा यांत सात मिलिमीटर जागा सोडा. कमी पडली तर वही उघडताना कव्हर ओढलं जातं. कापड एका वहीला ३५ बाय २५ सेंटिमीटर, म्हणजे ४४ इंची पन्ह्याचं दीड मीटर सगळ्यांना पुरतं. मांडवीच्या बाजारातलं छापील सुती कापड छान दिसतं, पण मागून पातळ कागद खळीनं चिकटवून वाळवलेला हवा, नाहीतर गोंद फुटून वर डाग येतात.

सातव्या शनिवारी वही कव्हरमध्ये बसवायची. दर वर्गात एखादी तरी उलटी बसते, म्हणून कण्यावर आणि कव्हरच्या आत पेन्सिलीनं वर जाणारा बाण काढून घ्या. खळ लावलेल्या अस्तराखाली प्लॅस्टिकचा कागद सरकवा, वर सपाट फळी आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन विटा. रात्रभर उघडायचं नाही. पंख्याखाली वाळवली तर पुठ्ठा धनुष्यासारखा वाकतो: ओला कागद फुगतो, वाळताना आकसतो आणि पुठ्ठ्याला सोबत ओढतो. मुलं चोरून उघडून बघतातच. फळीवर नाव आणि वेळ लिहून चिठ्ठी चिकटवा, थोडा वचक राहतो.

मधल्या एका शनिवारी मांडवीची सेंट्रल लायब्ररी दाखवता आली तर बघा, परवानगीचं पत्र दोन आठवडे आधी द्या. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बोर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर ग्रंथालयं उभारायला घेतली, त्यांचं हे केंद्र. मुलं आधी काचेची जमीन बघतील, बघू द्या. मग जुनी बांधणी कुठे सुटते ते दाखवा. बहुधा पुठ्ठा आणि कणा यांच्या सांध्यावर, तीच सात मिलिमीटरची जागा.

आठव्या शनिवारी वह्या उघडायच्या. पहिली पानं समोरून एक, मागून एक अशी आळीपाळीनं हलक्या हातानं दाबत न्या. मधूनच फाडकन उघडली तर नवा कणा तडकतो. ज्यांच्या वह्या लवकर उघडून होतील त्यांच्यासाठी म्हणून घरचं सुटलेलं पुस्तक आणायला आदल्या शनिवारी सगळ्यांना सांगून ठेवा, आणि त्यासाठी उरलेली खळ नाही, ताजी केलेली ठेवा.