खांदा दुखतोय आणि पकडही सैल झालीये? नस कुठे दबली आहे ते असं तपासा

खांद्याचा सांधा आखडला की हात वर जात नाही, पण बोटांची पकड सहसा शाबूत राहते. दुखणं खांद्यात आणि वस्तू मात्र हातातून निसटतात, असं असेल तर नसेचा संशय घ्यावा.

मुंग्या नेमक्या कोणत्या बोटात येतात ते लिहून ठेवा. अंगठा आणि तर्जनीत येत असतील तर बहुधा मानेतली सी-6 नस (सी म्हणजे मान, 6 हा नसेचा क्रमांक). मधल्या बोटात असतील तर सी-7. यात कोपर सरळ करत ढकलण्याचा जोरही कमी पडतो. हात डोक्यावर ठेवल्यावर कळ ओसरत असेल तर मानेकडेच बोट जातं.

करंगळीचं प्रकरण जरा चकवणारं आहे. सी-8 असू शकते, किंवा कोपरात दबलेली अल्नर नस, म्हणजे कोपराच्या आतल्या बाजूने करंगळीकडे जाणारी नस. बधिरपणा करंगळी आणि अनामिकेच्या करंगळीकडच्या अर्ध्या भागापुरता असेल, तर बहुतेक अल्नर; मनगट ओलांडून कोपराच्या दिशेने चढत असेल तर सी-8. अंगठा ताठ ठेवून तर्जनीच्या कडेशी कागद दाबून धरा आणि कुणाला तरी ओढायला सांगा. कागद टिकवायला अंगठ्याचं टोक वाकवावं लागलं, तर अल्नरचा स्नायू कमजोर आहे.

रात्री हात बधिर होऊन जाग येते आणि झटकल्यावर बरं वाटतं? हे मनगटातल्या कार्पल टनेलचं, म्हणजे तिथल्या अरुंद बोगद्यात नस दबल्याचं लक्षण. त्याची कळ खांद्यापर्यंतही चढते, आणि मग उगाच मानेचा एमआरआय होतो. वयानुसार झिजलेली मणक्यांमधली चकती त्यात बऱ्याच जणांची दिसते. ती लक्षणांशी जुळली तरच तिला अर्थ.

एनसीव्ही-ईएमजी (नसा आणि स्नायूंची विद्युत तपासणी) पहिल्याच आठवड्यात केली तर नॉर्मल येऊ शकते, कारण स्नायूंतले बदल दिसायला साधारण 3 आठवडे लागतात. खांद्यात एकाएकी असह्य कळ आणि ती ओसरू लागताच दंड लुळा पडणं, ही मानेखालच्या नसांच्या जाळ्याची सूज असू शकते. मानेला झटके देऊन मालिश मात्र कुठल्याच प्रकारात नको.

ताकद दिवसागणिक घटत असेल, दोन्ही हातांनी बटणं लागत नसतील, चाल अडखळत असेल किंवा लघवीवर ताबा राहत नसेल, तर मज्जारज्जू दबत असेल. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. हात अचानक लुळा पडून बोलणं अडखळलं किंवा तोंड वाकडं झालं, तर तो पक्षाघात समजून थेट इस्पितळात जा. हात दुखतोय त्याच बाजूची पापणी झुकली असेल तर फुप्फुसाच्या टोकाशी गाठ आहे का, हे पाहायला छातीचीही तपासणी लागते.