युरोपात भाड्याची मोटरहोम ठोकली तर: आधी गॅस, मग फॉर्म, भांडण नकोच

मागच्या उन्हाळ्यात म्युनिकहून भाड्याची मोटरहोम (आत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय असलेली गाडी) घेऊन फ्रान्सला गेलो होतो, आविन्योंच्या अलीकडे एका राउंडअबाउटवर एक डिलिव्हरी व्हॅनवाला उजवीकडून आत घुसला आणि आमचा मागचा कोपरा खरवडून काढला. लागलं कोणालाच नाही, पण कपाटातला तूरडाळीचा डबा उघडला आणि गाडीभर डाळ, परत करायच्या दिवशीसुद्धा सीटखालून निघत होती.

तर अशा वेळी पहिल्यांदा गॅस सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा. कारच्या सवयीने हे डोक्यातच येत नाही. मग पिवळं जॅकेट घालून खाली उतरा, धोक्याचा इशारा देणारा त्रिकोण ठेवा, कोणाला लागलं असेल तर ११२. फ्रान्सच्या ऑटोरूटवर, म्हणजे महामार्गावर, असाल तर त्रिकोणाच्या नादात रस्त्यावर चालू नका, सगळ्यांना घेऊन रेलिंगच्या पलीकडे जा आणि तिथल्या नारिंगी फोनवरून मदत मागवा, कारण त्या रस्त्यावर ठरलेलेच टोइंगवाले येऊ शकतात, तुमच्या विमा कंपनीचा ट्रक तिथे येत नाही. फोनवर गाडीची उंची आणि वजन सांगा, नाहीतर कारवाला ट्रक येऊन परत जातो.

आता मुख्य गोष्ट, युरोपियन अपघात फॉर्म, म्हणजे काय झालं ते दोन्ही ड्रायव्हरनी मिळून विमा कंपन्यांसाठी लिहायचा कागद. फ्रान्समध्ये याला कॉन्स्टा म्हणतात आणि समोरच्याच्या डॅशबोर्डमध्ये तो बहुतेक असतोच. भाषा कुठलीही असो, रकान्यांचे नंबर सगळीकडे तेच, म्हणून आपल्याला कळणाऱ्या भाषेतला एक कोरा फॉर्म जवळ ठेवायचा आणि शेजारी ठेवून वाचत भरायचा. गाडी ए आणि गाडी बी, यात ए म्हणजे दोषी असं काही नसतं. भाड्याच्या गाडीत लोक हमखास चुकतात ते रकाना ६ आणि ९ मध्ये: ६ मध्ये विमा ज्याच्या नावावर आहे तो, म्हणजे भाड्याची कंपनी, आणि ९ मध्ये ड्रायव्हर, म्हणजे तुम्ही.

सगळा खेळ रकाना १२ चा. त्यात १७ वाक्यं असतात आणि आपल्या कॉलममध्ये लागू असतील तेवढ्यांवर फुली मारायची. ६ नंबरचं वाक्य म्हणजे राउंडअबाउटमध्ये शिरत होतो, ७ म्हणजे आधीच आत फिरत होतो. आमचा व्हॅनवाला बोलायला एकदम गोड, पण घाईघाईत त्याने आमच्या कॉलममध्ये ६ वर पेन टेकवलं, मुद्दाम की चुकून देव जाणे, बायकोने हात धरून थांबवलं. आतल्या गाडीला वाट द्यायची पाटी त्याला होती, म्हणजे ७ ऐवजी ६ झालं असतं तर दोष आमच्यावर आला असता. फुल्या मारून झाल्या की खाली त्यांची संख्या लिहायची, म्हणजे नंतर कोणी एखादी वाढवू शकत नाही. १३ मध्ये चित्र काढा, पाट्या आणि बाणांसकट. पटत नसेल ते १४ मध्ये लिहा, मराठी मोडकं इंग्रजी काहीही चालेल पण लिहा. सही झाल्यावर सह्या असलेल्या पानावर काही बदलायचं नाही, आणि जे कळलं नाही त्यावर सही अजिबात करायची नाही.

फोटो तर काढालच, पण समोरच्याची नंबर प्लेट, विम्याचा कागद आणि रस्त्यावरची पाटी एकाच फेरीत उरका. आमच्या करारात पोलिसांना बोलवणं सक्तीचं होतं, पण फ्रान्समध्ये नुसता पत्रा चेपला असेल तर पोलीस बरेचदा येत नाहीत, त्यामुळे फोन कधी केला ती वेळ लिहून ठेवली आणि लगेच कंपनीला ईमेल. कंपनीला त्याच दिवशी कळवा. स्वतःची जर्मन विम्याची गाडी असेल तर एका आठवड्याच्या आत कळवावं लागतं.

भारतातून फिरायला येणाऱ्यांनी एक लक्षात घ्या, शेंगेन व्हिसासाठी काढलेला किमान ३०,००० युरोचा विमा दवाखान्यासाठी असतो, गाडीच्या पत्र्यासाठी नाही. गाडीचं डिडक्टिबल, म्हणजे नुकसानीतला आपण भरायचा वाटा, खिशातूनच जाणार, तेवढी रक्कम कार्डवर ब्लॉक होते. आणि छत बाल्कनीला घासलं तर काही करारांत डिडक्टिबलच्या वरचा खर्चही तुमच्या माथी येऊ शकतो, गाडी घेतानाच ते कलम वाचा आणि उंची स्टीयरिंगजवळ चिकटवा.

चूक समोरच्याची असेल आणि तुम्ही जर्मनीत राहत असाल तर फ्रेंचमध्ये पत्रं लिहायची गरज नाही. त्सेंट्राल्रूफला (जर्मन वाहन विमा कंपन्यांची चौकशी सेवा) समोरच्याचा नंबर आणि देश द्या, त्या फ्रेंच विमा कंपनीचा जर्मनीतला प्रतिनिधी ते शोधून देतात, नियम मात्र अपघात झाला त्या देशाचे लागतात. उत्तर तीन महिन्यांत यायला हवं. नाही आलं तर फेर्केअर्सऑप्फरहिल्फेकडे, म्हणजे अपघातग्रस्तांना भरपाई देणाऱ्या जर्मन संस्थेकडे, जायचं. आमचे डिडक्टिबलचे १५०० युरो पाच महिन्यांनी परत आले, तेही दर पंधरा दिवसांनी कंपनीला ईमेल टाकत राहिलो म्हणून.