जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलला बसने जायचं तर

गावाकडून आई-वडील पहिल्यांदा गोव्याला आले, की समुद्र बघून झाल्यावर पुढची फर्माईश ठरलेली: "ती मोठी चर्च दाखव." मडगावात राहायला येऊन मला सतरा वर्षं झाली. इतक्या वर्षांत कितीतरी पाहुण्यांना जुन्या गोव्याला नेलं, आणि बसनेच नेलं. नवीन आलात, तर तुम्हीही आधी बसनेच जा. हा प्रदेश बसच्या खिडकीतूनच ओळखीचा होतो.

मडगावच्या कदंब (गोव्याची सरकारी बससेवा) स्टँडवर पणजी शटलची रांग शोधा. आपल्या एसटीत जागेवर बसून तिकीट निघतं. इथे आधी खिडकीवर तिकीट घ्यायचं आणि मगच गाडीत चढायचं. शटल मध्ये कुठे थांबत नाही, साधारण तासाभरात पणजी. वेर्ण्याला कारखान्यांजवळ खोली असेल, तर रस्त्यावर शटलची वाट बघत राहू नका, साधी लोकल बस पकडा. म्हापसा आणि वास्कोहूनही पणजीला शटल आहे.

पणजी स्टँडवर उतरलात की ओल्ड गोवा किंवा फोंड्याची गाडी घ्यायची. कंडक्टर दारात उभा राहून गावांची नावं ओरडत असतो. चढण्याआधी एकच विचारा: "रायबंदरवरून जाते ना?" बायपासची गाडीही पोचवते, पण माझं ऐकाल तर रायबंदरचीच घ्या. पणजीचा पाटो भाग सोडला की रस्ता पाण्यातून काढल्यासारखा सरळ जातो: डावीकडे मांडवी नदी, उजवीकडे मिठागरं. लिन्यारिसच्या काउंटने, म्हणजे तेव्हाच्या पोर्तुगीज व्हाइसरॉयने, हा सुमारे ३ किलोमीटरचा बांध १६३३-३४ मध्ये घातला, आणि आपली बस आजही त्याच्यावरून धावते. माझे वडील जन्मभर शेतीच्या बांधांवर राबलेले. ते इथे खिडकीला नाक लावून विचारत होते, "एवढा दगड आणला कुठून?"

गांधी सर्कलला उतरा. एका अंगाला जांभ्याची, गिलावा नसलेली लालसर बॉम जीझस बॅसिलिका. तिथे सेंट फ्रान्सिस झेवियर यांचे अवशेष आहेत. कोकणी माणूस त्यांना 'गोंयचो सायब' म्हणतो. रस्त्यापलीकडे हिरवळीच्या मागे पांढरं से कॅथेड्रल. 'से' म्हणजे बिशपचं पीठ. बांधकाम १५६२ ला सुरू झालं, १६१९ ला संपलं. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने गोवा जिंकलं तो २५ नोव्हेंबर १५१० चा दिवस सेंट कॅथरीनच्या सणाचा, म्हणून हे तिच्या नावाने. समोर उभे राहा: डावीकडे बुरूज आहे, उजवीकडे नुसतं आकाश. तो दुसरा बुरूज १७७६ मध्ये कोसळला आणि पुन्हा उभा केला नाही. उरलेल्यात 'सोन्याची घंटा' आहे. आत गेलात की मुख्य वेदीवरचं सोनेरी लाकूडकाम शांतपणे पाहा.

खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, टोपी काढावी, मिस्सा (चर्चमधली सामूहिक प्रार्थना) चालू असेल तर मागच्या बाकावर बसून राहावं. ही देवळाइतकीच जिवंत प्रार्थनेची जागा आहे. शेजारचं पुरातत्त्व संग्रहालय शुक्रवारी बंद असतं. ३ डिसेंबरला सेंट झेवियर यांच्या फेस्ताला, म्हणजे सणाला, गर्दी प्रचंड. पण जत्रेतलं खाजं खायचं असेल, तर त्याच दिवशी या.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. परतीचं आधी ठरवा. एकदा आईला घेऊन सर्कलवर रात्री साडेआठपर्यंत उभा होतो. भरलेल्या गाड्या न थांबता जात होत्या, आणि तिचे गुडघे दुखत होते. तेव्हापासून सातच्या आत पणजीत परत असा माझा नियम आहे. रविवारी तर त्याहून लवकर, त्या दिवशी गाड्याच कमी.

मुंबईहून रेल्वेने येणाऱ्या पाहुण्यांना मडगावपर्यंत आणायची गरज नाही. मांडवी एक्सप्रेस करमळीला थांबते, आणि तिथून जुनं गोवं जवळच आहे.