गेटची मोटर आणि 60 मीटरची वायर

आमचं घर गुहागरकडे, रस्त्यापासून 60 मीटर आत. सरकत्या गेटला 24 व्होल्टची डीसी मोटर बसवली. वायरमनने ट्रान्सफॉर्मर घरातच लावला आणि तिथून दीड स्क्वेअर एमएमची वायर ओढली. गेट निम्म्यावर येऊन कण्हायचं. मल्टिमीटर लावला, तर घरात 24 आणि मोटर ओढ घेताना गेटपाशी जेमतेम 15! सहा अँपिअरला जाऊन-येऊन 120 मीटर तांब्यात आठ-नऊ व्होल्ट वाटेतच गडप.

सोलरचा मोह झाला होता. पण गेटवर आंब्याची सावली, त्यात कोकणातला जुलै. शिवाय मोटर दिवसात पाच मिनिटंही चालत नसली, तरी खरा खादाड रिमोटचा रिसीव्हर, चोवीस तास जागा. माझा 50 मिलिअँपिअर खातो, म्हणजे दिवसाला 1.2 अँपिअर-तास.

शेवटी आर्मर्ड (पोलादी कवचाची) केबल पुरून 230 व्होल्टच गेटपर्यंत नेले; व्होल्ट जास्त म्हणून करंट कमी, वाटेतली गळही कमी. घरच्या टोकाला आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच. ट्रान्सफॉर्मर, चार्जर गेटच्या पेटीत, सोबत 12 व्होल्ट 7 अँपिअर-तासाच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये, म्हणजे मिळून 24 व्होल्ट. परवा दोन दिवस लाईट नव्हती, गेट चाललं. हाताने उघडायची किल्ली मात्र आईने देवघराशेजारच्या खिळ्यालाच अडकवून ठेवलीय.