अभ्यासगट चालवताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत स्पर्धा परीक्षांसाठी मराठी मुलांचे अभ्यासगट दरवर्षी उभे राहतात आणि त्यांतले बरेचसे त्याच त्या चुकांपायी मोडतात. सर्वांत घातक चूक म्हणजे धडे वाटून घ्यायचे आणि नंतर केवळ टिपणांची देवाणघेवाण करायची.

खानापूरकडच्या एका गटात स्वातंत्र्यचळवळीचा भाग ज्याच्या वाट्याला आला, त्याने 1924 च्या बेळगाव काँग्रेस अधिवेशनाचे अध्यक्ष म्हणून लोकमान्य टिळकांचे नाव लिहिले. टिळकांनी 1916 मध्ये होमरूल लीग बेळगावातच स्थापन केली आणि 1924 चे अधिवेशन गांधीजींच्या अध्यक्षतेखाली भरले, या दोन गोष्टींची त्याने सरमिसळ केली होती. बाकीच्यांनी टिपणाची झेरॉक्स काढून ते पाठ केले आणि सराव परीक्षेत सगळ्यांचे उत्तर एकसारखे चुकले. टिळकांचे निधन 1920 मध्ये झाले, हे याच मुलांना झोपेतून उठवून विचारले असते तरी सांगता आले असते. कुणालाच शंका कशी आली नाही, असे विचारल्यावर उत्तर मिळाले, ‘‘सर, तो भाग त्याचा होता.’’

धडे वाटून घेण्यात मुळात गैर काही नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सन यांनी 1971 मध्ये टेक्सासमधील ऑस्टिनच्या शाळांत हीच रीत वापरली. मात्र तिथे एकच भाग मिळालेली मुले आधी एकत्र बसून त्यावर चर्चा करीत आणि मगच आपापल्या गटाला तो शिकवीत. आपल्याकडे नेमकी ही मधली पायरी गाळली जाते, कारण सर्वांना घाई असते. मी प्रत्येक भाग दोघांकडे देतो, सांगणाऱ्याच्या हातात कागद ठेवत नाही आणि ऐकणाऱ्या प्रत्येकाने निदान एक प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही. ‘यात वेळ जातो’ म्हणणाऱ्यांनी खुशाल बाजारातले गाइड घ्यावे.

मोबाईलवर साठलेल्या पीडीएफना अभ्यास समजू नये. गटातल्या हुशार मुलाला सर्वांत शेवटी बोलू द्यावे. कन्नड माध्यमाचा एखादा मित्र गटात जरूर घ्यावा. राज्याच्या परीक्षेची तयारी करताना कन्नड वर्तमानपत्रे टाळून भागत नाही.

चूक सापडली की ती खोडरबराने पुसून टाकणे, हीही एक वाईट खोड आहे. आमच्या सामाईक वहीत चुकीवर एकच रेघ मारली जाते आणि शेजारी ती कशी लक्षात आली ते लिहिले जाते. नव्याने येणाऱ्याला तयार टिपणे न देता मी आधी ही वही वाचायला लावतो.